डोकी मोजली, पण मानली नाहीत

दरवर्षी १६ डिसेंबर आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'आपण पाकिस्तानचे दोन तुकडे केले.' मीही ते कितीतरी वर्षं अभिमानाने म्हणत आलो. ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावरच्या त्या टेबलाचा फोटो तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी मान खाली घालून शरणागतीच्या कागदावर सही करताहेत, शेजारी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत, मागे अधिकाऱ्यांची दाटी. पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला त्या १९७१ च्या युद्धात साडेतीन हजारांहून अधिक भारतीय जवानांनी प्राण दिले. त्यांच्या पराक्रमाबद्दल मनात तसूभरही शंका नाही.

शंका आहे ती त्या वाक्याबद्दल. टेबलावर झालेली ती सही म्हणजे देश फुटल्याचा दाखला होता. देश फुटला होता आधीच, आणि तो फोडला होता त्याच देशाच्या राज्यकर्त्यांनी आणि सेनापतींनी. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर असं : पाकिस्तानात जास्त डोकी पूर्वेला होती, आणि ती डोकी मोजायची वेळ आली तेव्हा तेव्हा पश्चिमेतल्या सत्ताधाऱ्यांनी मोजदादच बदलली. तेवीस वर्षांनी एकदाच ती नीट मोजली गेली, तर निकाल मान्य करण्याऐवजी लष्कर पाठवलं. भूगोल, भाषा, ताग, भारत ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती या एका खुंटीला टांगलेली आहेत.

मुळात बंगाली मुसलमान पाकिस्तानात कोणी ओढून नेले नव्हते. मुस्लिम लीगची स्थापनाच ढाक्यात झाली, १९०६ साली. १९४० चा लाहोर ठराव मांडला तो ए. के. फझलुल हक यांनी, म्हणजे बंगालच्या प्रधानमंत्र्यांनी. १९४६ च्या निवडणुकीत बंगालमधल्या मुस्लिम मतदारांनी लीगला भरभरून मतं दिली. शेख मुजीबुर रहमान तेव्हा कलकत्त्यात शिकणारे, पाकिस्तानच्या मागणीसाठी धावपळ करणारे विद्यार्थी कार्यकर्ते होते. हे लोक 'परके' होते आणि कधी ना कधी जाणारच होते, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा समोर ठेवावा. ज्यांनी घर उभं करायला खांदा दिला, त्यांनाच घराबाहेर का पडावंसं वाटलं, हा खरा प्रश्न आहे.

पहिली ठिणगी फाळणीनंतर सहा महिन्यांत पडली. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी कराचीत संविधान सभेपुढे धीरेंद्रनाथ दत्त या कोमिल्लाच्या सदस्यांनी एक साधी दुरुस्ती मांडली : सभेच्या कामकाजात इंग्रजी आणि उर्दूबरोबर बंगालीलाही स्थान असावं. त्यांचा युक्तिवाद निव्वळ मोजणीचा होता. देशाची लोकसंख्या सहा कोटी नव्वद लाख, त्यातले चार कोटी चाळीस लाख बंगाली बोलतात. मग बहुसंख्यांची भाषा सभेत का नको? पंतप्रधान लियाकत अली खान यांनी उत्तर दिलं ते मोजणीचं नव्हतं. हे मुसलमानांचं राष्ट्र आहे आणि त्याची भाषा उर्दूच असली पाहिजे, असा त्यांचा सूर होता. दत्त हिंदू होते, त्यामुळे त्यांच्या हेतूवरच संशय घेणं सोपं गेलं. पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नझिमुद्दीन हेही सरकारच्याच बाजूने उभे राहिले. दुरुस्ती पडली.

महिनाभराने, २१ मार्च १९४८ ला, जिना ढाक्याला आले आणि रेसकोर्स मैदानावर प्रचंड जनसमुदायासमोर बोलले. प्रांताची भाषा कोणती ते तुम्ही ठरवा, पण पाकिस्तानची राज्यभाषा उर्दू, दुसरी कुठलीही नाही. तीन दिवसांनी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तेच सांगितलं, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी तिथल्या तिथे 'नाही, नाही' असा आवाज दिला. ज्या उर्दूसाठी हे चाललं होतं ती पश्चिमेतही फार थोड्यांची मातृभाषा होती. पंजाबी, सिंधी, पश्तो, बलुची बोलणारेच तिथे जास्त. तरीही पूर्वेने ती स्वीकारायची, कारण राज्य चालवणाऱ्यांची ती भाषा होती. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. तो दिवस आज जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. बंगालीला राज्यभाषेचा दर्जा मिळाला १९५६ च्या राज्यघटनेत. जे मागितल्यावर लगेच देता आलं असतं ते रक्त सांडल्यावर, आठ वर्षांनी दिलं. असं दिलेलं कोणी उपकार म्हणून लक्षात ठेवत नाही.

१९५४ साली पूर्व बंगालच्या प्रांतिक निवडणुकीत लोकांनी मुस्लिम लीगला अक्षरशः झाडून काढलं. २३७ मुस्लिम जागांपैकी लीगच्या हाती एक अंकी संख्या आली. फझलुल हक, सुहरावर्दी आणि मौलाना भाषाणी यांची संयुक्त आघाडी सत्तेवर आली. त्यांच्या जाहीरनाम्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि चलन सोडून बाकी सगळा कारभार प्रांताकडे द्या, अशी मागणी होती. सरकार दोन महिनेही टिकू दिलं नाही. ३० मे १९५४ ला कराचीतल्या केंद्र सरकारने ते बरखास्त केलं, राज्यपाल राजवट लावली आणि इस्कंदर मिर्झांना राज्यपाल म्हणून धाडलं. निमित्त होतं आदमजी ताग गिरणीतल्या दंगलीचं आणि हक यांच्या काही विधानांचं. पण ढाक्यातल्या माणसाने त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला : मत द्यायची मुभा आहे, ते चालवून घेण्याची हमी नाही.

यानंतर जे झालं त्याकडे आपल्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे. १९५५ मध्ये पश्चिमेतले पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत, बलुचिस्तान असे सगळे वेगळे प्रांत मोडून त्यांचा एकच 'पश्चिम पाकिस्तान' केला. यालाच 'वन युनिट' म्हणत. आता देशात दोनच प्रांत उरले, आणि दोघांना सारखं प्रतिनिधित्व ठरलं. ऐकायला हे न्याय्य वाटतं, निम्मं तुला निम्मं मला. पण पूर्वेत देशाची निम्म्याहून अधिक माणसं राहत होती. म्हणजे तिथल्या प्रत्येक माणसाचं मत पश्चिमेतल्या माणसाच्या मतापेक्षा हलकं धरलं गेलं. एवढं असूनही बंगाली नेत्यांनी, विशेषतः सुहरावर्दींनी, ही बरोबरी मान्य केली. बहुसंख्याकांनी आपलं बहुमत आपणहून सोडल्याची अशी उदाहरणं इतिहासात विरळा. बदल्यात एकच अपेक्षा होती, की नोकऱ्या, पैसा, लष्कर यांतही मग निम्मा वाटा मिळेल. तो मिळाला नाही. विधिमंडळातली बरोबरी मात्र लगेच अमलात आली.

लष्कराचं चित्र पाहिलं की हे डोळ्यांत भरतं. इंग्रजांनी 'लढवय्या जमाती' नावाची जी कल्पना रुजवली होती तिच्यात बंगाल्याला जागा नव्हती. पंजाबी आणि पठाण शिपाईगिरीचे, बंगाली कारकुनीचे, ही समजूत पाकिस्तानी सैन्याने जशीच्या तशी वारसाहक्काने घेतली. १९५५ च्या आकड्यांत मेजर आणि त्यावरच्या हुद्द्याच्या सुमारे नऊशे अधिकाऱ्यांत पूर्वेकडचे होते अवघे १४. पायदळाच्या ईस्ट बेंगॉल रेजिमेंटच्या मोजक्या पलटणी सोडल्या तर सैन्य पूर्णपणे पश्चिमेचं, त्यातही पंजाबचं. आणि केंद्राच्या खर्चातला सगळ्यात मोठा घास या सैन्याचा. निम्म्याहून जास्त देशाचा ज्या संस्थेत मागमूस नाही, ती संस्था देशाची मालक होऊन बसली तर काय होणार?

ती १९५८ मध्ये मालक झाली. १९५९ च्या सुरुवातीला पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. तिच्या आधीच, ऑक्टोबर १९५८ मध्ये, आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या मिर्झांनी मार्शल लॉ पुकारला आणि वीस दिवसांत त्यांनाच बाजूला सारून जनरल अयूब खान यांनी सूत्रं घेतली. पुढे अयूब यांनी 'मूलभूत लोकशाही' नावाची रचना आणली. कोट्यवधी लोकांऐवजी ८०,००० स्थानिक प्रतिनिधींनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा. ४०,००० पूर्वेचे, ४०,००० पश्चिमेचे. पुन्हा तीच बरोबरी, आणि आता तर मतदार इतके थोडे की त्यांना कलेक्टर कचेरीतून सांभाळता यावं. सत्तेची नाडी रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयाच्या हाती गेली, आणि तिथे बंगाल्याला खुर्चीच नव्हती. राजकारणात वाटाघाटी होतात, आघाड्या होतात, आज हरलेला उद्या जिंकतो. छावणीत तसं काही नसतं. अयूब राजवटीने पूर्वेकडून हिरावलं ते हेच, उद्या जिंकण्याची आशा.

पैशाची कहाणी थोडक्यात आटोपतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीत आहे. परकीय चलनाचा मोठा हिस्सा पूर्वेच्या तागातून यायचा. आयात आणि कारखाने मात्र पश्चिमेकडे जायचे. १९५९-६० मध्ये पश्चिमेचं दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त होतं, ते १९६९-७० पर्यंत ६१ टक्क्यांनी जास्त झालं. 'विकासाचं दशक' म्हणून ज्याचा गाजावाजा झाला त्याच दशकात ही दरी दुपटीच्या घरात गेली.

१९६५ च्या युद्धाने आणखी एक पडदा फाटला. पाकिस्तानी सेनापतींचं ठरलेलं सूत्र होतं, पूर्वेचं रक्षण पश्चिमेत होईल. म्हणजे भारताने पूर्वेला हात लावला तर आम्ही पंजाबात आणि काश्मीरमध्ये असा तडाखा देऊ की भारताला तो सोडावा लागेल. त्यामुळे पूर्वेत एकच डिव्हिजन ठेवली होती. सप्टेंबरचे ते सतरा दिवस पूर्व पाकिस्तान जगापासून तुटलेला, जवळजवळ उघड्यावर होता. भारताने तिकडे मोर्चा वळवला नाही म्हणून निभावलं. ज्या काश्मीरसाठी हे युद्ध पेटलं त्याच्याशी खुलना किंवा बारिसालच्या शेतकऱ्याचा काय संबंध होता? आपल्या ताग-पैशावर उभं असलेलं सैन्य आपलं रक्षण करायला इथे नाहीच, हे त्याने तेव्हा पाहिलं.

फेब्रुवारी १९६६ मध्ये लाहोरात मुजीबांनी सहा कलमं मांडली ती या पार्श्वभूमीवर. ही कलमं म्हणजे फुटून निघण्याचा कट, असं पश्चिमेत तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. ती वाचून पाहिली तर त्यात लाहोर ठरावावर आधारलेला संघराज्याचा आराखडा आहे. माणशी एक मत, संसदीय पद्धत, केंद्राकडे संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार, चलनाची अशी व्यवस्था की पूर्वेचा पैसा पश्चिमेला वाहून जाऊ नये, परकीय चलनाचे वेगळे हिशेब, पूर्वेसाठी स्वतःचं निमलष्करी दल. पण खरा काटा होता कर आकारणीच्या कलमात. कर प्रांतांनी गोळा करायचे आणि केंद्राला त्यातला वाटा द्यायचा. म्हणजे सैन्याचं अंदाजपत्रक ढाक्यातल्या लोकप्रतिनिधींच्या संमतीवर अवलंबून राहणार. रावळपिंडीला सहा कलमांत देश बुडताना दिसला असेलही, पण त्याआधी आपली शिबंदी बुडताना दिसली, असं मला ठामपणे वाटतं.

उत्तर म्हणून मुजीबांना तुरुंगात टाकलं, मग १९६८ मध्ये आगरतळा कट खटल्यात, म्हणजे भारताच्या मदतीने पूर्व पाकिस्तान फोडण्याचा कट रचल्याच्या आरोपाखाली, मुख्य आरोपी केलं. त्या खटल्यात तथ्याचा अंशच नव्हता असं मी म्हणणार नाही. काही आरोपींनी पुढे आपल्या हालचालींची कबुली दिलेली आहे. पण राजकीय मागणीला फौजदारी गुन्ह्याच्या चौकटीत बसवलं की आरोपीच पुढारी होतो. फेब्रुवारी १९६९ मध्ये एक आरोपी, सार्जंट झहुरुल हक, छावणीतल्या कोठडीत गोळीला बळी पडला आणि पूर्व पाकिस्तान पेटला. २२ फेब्रुवारीला खटला मागे घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी रेसकोर्सवर लाखोंच्या सभेत मुजीबांना 'बंगबंधू' ही पदवी मिळाली.

पुढच्याच महिन्यात अयूब पायउतार झाले. त्यांच्याच १९६२ च्या घटनेनुसार सत्ता जायला हवी होती राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षांकडे. ते होते अब्दुल जब्बार खान, बंगाली. सत्ता दिली गेली लष्करप्रमुख याह्या खान यांना.

याह्यांच्या पदरात एक गोष्ट टाकलीच पाहिजे. त्यांनी वन युनिट मोडलं, बरोबरी रद्द केली आणि माणशी एक मत मान्य केलं. राष्ट्रीय सभेच्या ३१३ जागांपैकी १६९ पूर्वेला आल्या. निवडणूकही मोकळ्या वातावरणात झाली. इतकं त्यांनी का केलं, याचं उत्तर बहुधा असं की कोणालाच बहुमत मिळणार नाही, पक्ष आपसात भांडतील आणि लष्कर पंच म्हणून वर राहील, असा त्यांच्या सल्लागारांचा हिशेब होता. मग १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोलाचं चक्रीवादळ आलं. काही लाख माणसं एका रात्रीत गेली. चीनहून परतणाऱ्या याह्यांनी वाटेत थांबून आकाशातून पाहणी केली आणि ते निघून गेले. मदत रखडली, प्रेतं चिखलात पडून राहिली. पंचवीस दिवसांनी मतदान होतं.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकडा पुन्हा सांगण्यासारखा आहे. पूर्वेतल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी मुजीबांच्या अवामी लीगला १६०. महिलांच्या राखीव जागा धरून १६७. तीनशे तेराच्या सभागृहात निर्विवाद बहुमत. झुल्फिकार अली भुत्तोंच्या पीपल्स पार्टीला सर्वसाधारण जागा ८१, सगळ्या पश्चिमेतल्या. अवामी लीगला पश्चिमेत एकही नाही, भुत्तोंना पूर्वेत एकही नाही. देशाचे दोन भाग मतपेटीत असे वेगळे पडलेले दिसले, हे खरं. पण कायद्याने प्रश्न उरला नव्हता. पाकिस्तानचा पुढचा पंतप्रधान कोण, हे ठरलं होतं. जानेवारीत ढाक्यात खुद्द याह्यांनी मुजीबांचा उल्लेख भावी पंतप्रधान म्हणून केला.

तिथून याह्या लारकान्याला गेले, भुत्तोंच्या घरी, शिकारीच्या निमित्ताने. त्या भेटीत काय शिजलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. दिसलं ते एवढं, की त्यानंतर भुत्तोंचा आवाज चढत गेला. ३ मार्चला ढाक्यात बोलावलेल्या अधिवेशनाला आपण जाणार नाही, आणि पश्चिमेतला जो कोणी जाईल त्याच्या तंगड्या मोडू, इथवर त्यांची भाषा गेली. ८१ जागांचा पुढारी १६७ जागांच्या पुढाऱ्याला सांगत होता, की माझ्याशिवाय तुझं बहुमत ग्राह्य नाही. भुत्तो हुशार होते, लोकप्रिय होते, पण त्या तीन महिन्यांत त्यांनी जे केलं त्याला मी महत्त्वाकांक्षेपोटी केलेला घात म्हणतो. मात्र त्यांच्याकडे फौज नव्हती. त्यांच्या नकाराला बळ होतं ते मागे उभ्या असलेल्या सेनापतींचं, आणि सेनापतींना असा एक नकार हवाच होता.

१ मार्च १९७१. ढाका स्टेडियममध्ये परदेशातून आलेल्या पाहुण्या संघाशी क्रिकेटचा सामना चालू होता. गर्दीत ट्रान्झिस्टर होते. दुपारी एकच्या सुमारास रेडिओवर याह्यांचं निवेदन आलं, ते त्यांनी स्वतः वाचलंही नाही, निवेदकाने वाचलं : राष्ट्रीय सभेचं अधिवेशन बेमुदत पुढे ढकलण्यात येत आहे. काही मिनिटांत स्टेडियममध्ये घोषणा सुरू झाल्या, कागद पेटले, खेळ बंद पडला आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले. जवळच्या पूर्वाणी हॉटेलात अवामी लीगचे निवडून आलेले सदस्य राज्यघटनेच्या मसुद्यावर बसले होते. गर्दी तिकडे वळली. मला ही दुपार फार महत्त्वाची वाटते. सकाळी ही माणसं पाकिस्तानच्या संघाचा सामना पाहायला तिकीट काढून आत गेली होती. संध्याकाळी त्यांच्या तोंडी 'जय बांगला' होतं.

पुढचे पंचवीस दिवस पूर्वेत हुकूम चालला तो धनमंडीतल्या मुजीबांच्या घरून. कोर्ट, कचेऱ्या, बँका त्यांच्या सूचनांवर चालत. नवे लष्करी राज्यपाल म्हणून टिक्का खान आले तर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी त्यांना शपथ द्यायला नकार दिला. ७ मार्चला रेसकोर्सवर मुजीब म्हणाले, 'यावेळचा संग्राम मुक्तीचा संग्राम, यावेळचा संग्राम स्वातंत्र्याचा संग्राम.' पण त्याच भाषणात त्यांनी अधिवेशनाला जाण्यासाठी अटी घातल्या : मार्शल लॉ उठवा, फौज बराकीत न्या, गोळीबाराची चौकशी करा, निवडून आलेल्यांकडे सत्ता द्या. दार अजून पूर्ण लागलेलं नव्हतं.

सैन्यातही काहींना हे दिसत होतं. राज्यपाल ॲडमिरल अहसान यांनी अधिवेशन पुढे ढकलू नका असं परोपरीने सांगितलं. त्यांना पदावरून जावं लागलं. पूर्वेचे लष्करी प्रमुख साहबजादा याकूब खान यांनी कळवलं की हा प्रश्न राजकीय आहे, बंदुकीने सुटणार नाही, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला. म्हणजे 'आम्हाला कल्पना नव्हती' ही सबब कोणालाच नाही. सल्ला मिळाला होता. तो देणाऱ्यांना बाजूला करून कारवाईला तयार असलेली माणसं आणली.

१८ मार्चच्या सकाळी ढाका छावणीत दोन मेजर जनरल, खादिम हुसेन राजा आणि राव फरमान अली, एकत्र बसले. तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याने पुढे नोंदवून ठेवलंय की फिकट निळ्या ऑफिस पॅडवर, शाळेतली मुलं वापरतात तसल्या साध्या पेन्सिलीने, फरमान अलींनी लष्करी कारवाईची योजना लिहून काढली. पाच पानं. हेच 'ऑपरेशन सर्चलाइट'. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या भागात याह्या आणि मुजीब यांच्या वाटाघाटी चालू होत्या. एका टेबलावर संघराज्याचा मसुदा, दुसऱ्यावर ही पानं. २५ मार्चच्या संध्याकाळी याह्या गुपचूप विमानाने निघून गेले आणि रात्री रणगाडे बाहेर पडले. विद्यापीठाची जगन्नाथ हॉल आणि इक्बाल हॉल ही वसतिगृहं, राजारबागची पोलीस लाइन, पिलखान्यातलं ईस्ट पाकिस्तान रायफल्सचं मुख्यालय. मुजीबांना घरातून उचललं. दुसऱ्या दिवशी भुत्तो कराचीला उतरले आणि म्हणाले, देवाच्या कृपेने पाकिस्तान वाचला.

पाकिस्तान त्या रात्री संपला होता. याचा पुरावा कुठल्या भाषणात शोधू नका, तो पलटणींमध्ये आहे. पूर्वेत असलेल्या ईस्ट बेंगॉल रेजिमेंटच्या पाचही पलटणींनी बंड केलं. चितगावात आठव्या पलटणीच्या मेजर झियाउर रहमान यांनी कालुरघाटच्या रेडिओ केंद्रावरून स्वातंत्र्याची घोषणा वाचली. हे पाकिस्तानी गणवेशातले, पाकिस्तानी प्रबोधिनीत शिकलेले अधिकारी होते. १९६५ ला याच रेजिमेंटचे जवान लाहोर आघाडीवर लढले होते. शिपायाने आपल्याच सैन्यावर बंदूक वळवणं यापेक्षा देश फुटण्याची स्पष्ट खूण कोणती? आणि तोवर सरहद्दीपलीकडून एकही भारतीय तुकडी आत आलेली नव्हती.

तरीही मोजदाद बदलण्याची खोड गेली नाही. ऑगस्टमध्ये अवामी लीगच्या १६७ पैकी जवळजवळ निम्म्या सदस्यांच्या जागा रिकाम्या ठरवल्या आणि त्यांच्यावर पोटनिवडणुका लावल्या. कितीतरी जागा बिनविरोध वाटून टाकल्या. तोवर कोटीभर माणसं निर्वासित होऊन भारतात येत होती. मतदारच देश सोडून पळत होते आणि सरकार जागांची वाटणी करत होतं.

लष्करी पराभवही याच चुकीतून आला. घाईने पश्चिमेतून दोन डिव्हिजन विमानाने आणल्या, त्याही श्रीलंकेचा वळसा घालून, कारण जानेवारीतल्या विमान अपहरणानंतर भारताने आपलं आकाश बंद केलं होतं. माणसं आली, जड शस्त्रं मागे राहिली. हे सैन्य आठ महिने गावोगाव पसरून स्वतःच्याच नागरिकांशी लढत राहिलं. नद्यांचा प्रदेश, नावाडी विरोधात, वाटाड्या विरोधात, प्रत्येक झोपडीतून मुक्तिवाहिनीला, म्हणजे बंगाली बंडखोरांच्या फौजेला, खबर. ऑगस्टमध्ये मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्या तुकड्यांनी चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथे एकाच रात्री जहाजं बुडवली. नियाझींनी सरहद्दीलगतच्या गावांना किल्ल्यांसारखं लढवायचं ठरवलं. भारतीय सेनेने त्या गावांना वळसा घातला, मेघना नदी हेलिकॉप्टरने ओलांडली, टांगाईलला छत्रीधारी उतरवले आणि ढाका गाठलं. पश्चिमेतून जो निर्णायक तडाखा बसायचा होता तो बसलाच नाही. तेरा दिवसांत ९३,००० युद्धकैदी. शत्रू कितीही बलाढ्य असो, ज्या फौजेच्या पायाखालची जमीन तिची नसते ती इतक्या लवकर कोसळते.

भारताचा वाटा मी नाकारत नाही. मुक्तिवाहिनीला आपण प्रशिक्षण दिलं, शस्त्रं दिली, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार करून पाठराखण मिळवली, माणेकशॉंनी घाई न करता योग्य ऋतूची वाट पाहिली. यात राष्ट्रहिताचा विचार होताच. पण आपल्याला हे करता आलं ते पूर्व पाकिस्तानातला माणूस मनाने आधीच बाहेर पडला होता म्हणून. 'आपण तुकडे केले' असं म्हणताना त्या माणसाचा लढा आपण आपल्या खात्यावर जमा करतो. त्याची बावन्नची गोळी, सत्तरचं मत, एकाहत्तरचं बंड, सगळं मागे पडतं आणि तो स्वतःच्याच इतिहासात प्रेक्षक होतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

कोणी म्हणेल, सोळाशे किलोमीटर परक्या भूमीने तोडलेले दोन तुकडे एकत्र राहणारच कसे? शक्य आहे की नसते राहिले. सहा कलमांनी गाठ सैल झाली असती, दहा वर्षांनी सुटलीही असती. पण गाठ सोडणं आणि कापणं यात लाखो प्राणांचं अंतर आहे. चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश १ जानेवारी १९९३ ला झाले, एकही गोळी न झाडता, चर्चा करून. पाकिस्तानचं एकत्र राहणं कदाचित कोणाच्याच हातात नव्हतं. तो कसा वेगळा होणार, हे मात्र मार्च १९७१ मध्ये पाच-सात माणसांच्या हातात होतं.

त्या माणसांचं काय झालं? डिसेंबर १९७१ मध्येच सरन्यायाधीश हमुदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. ते स्वतः बंगाली. आयोगाने दोनशेहून अधिक साक्षी तपासल्या, याह्या आणि त्यांच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर उघड खटला चालवा अशी शिफारस केली. तोवर सत्तेवर आले होते भुत्तो. अहवाल कपाटात गेला आणि जवळपास तीन दशकं कपाटातच राहिला. २००० साली त्याचा भाग एका भारतीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा कुठे पाकिस्तानला तो खुला करावा लागला. खटला कोणावरच चालला नाही.

आणि धीरेंद्रनाथ दत्त? फाळणीनंतर अनेकांनी देश बदलला, ते कोमिल्लातच राहिले. भाषेसाठी मांडलेली दुरुस्ती पडल्यावरही ते पाकिस्तानच्या राजकारणात राहिले, प्रांतात मंत्रीही झाले. २९ मार्च १९७१ च्या रात्री सैनिक त्यांच्या घरी आले. तेव्हा त्यांचं वय होतं ८४. त्यांना आणि त्यांच्या मुलाला मैनामती छावणीत नेलं. दोघंही परत आले नाहीत.